रकाना बारा

ओझरच्या विमान कारखान्यात फिटरची जागा.
लेखीत पास, मेडिकलला पास,
मग साक्षांकनाचा अर्ज, आठ पानी, तीन प्रतींत.
सातपूरच्या झेरॉक्सवाल्याचं निळं पेन घेऊन
उभ्याउभ्याच भरला मी.
रकाना बारा: कधी अमली पदार्थांचं सेवन?
नाही.
रकाना नऊ: गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते.
एकच लिहिला. अशोकनगर, गल्ली चार.
पेन कुठे अडखळलं नाही,
त्याचंच आता नवल वाटतं.

कारण मधले सात महिने मी दिंडोरीच्या पलीकडे होतो,
पत्र्याच्या एका लांबट खोलीत.
पहाटे साडेपाचला घंटा व्हायची
आणि आम्ही अठरा जण आपापलं नाव सांगून
आज कितवा दिवस ते मोजायचो.
त्याआधी सोमेश्वरच्या खडकांवर चिलीम,
मग गोळ्या,
मग आईची पाटली.
पाटलीचं कुठल्याच रकान्यात विचारत नाहीत.

आईने गल्लीत सांगितलं, पोरगा कोर्सला गेलाय.
कुठे, ते ती दर वेळी नव्याने ठरवायची.

पडताळणीला ढिकले हवालदार आले,
निंबाच्या सावलीत गाडी लावून, डायरी मांडीवर.
निर्गुडे काकू म्हणाल्या, गुणी आहे हो, पुण्याला होता ना मध्ये.
पिठाच्या गिरणीवर कळलं, सुरतला.
खालच्या मजल्यावरचे खैरनार, रिटायर्ड कंडक्टर,
त्यांनी तर गाडीच सांगितली:
नगर, सकाळची सव्वासहाची, मीच बसवून दिला.
कुणी वाईट बोललं नाही.
सगळी गल्ली माझ्यासाठी खोटं बोलली
आणि तीन वेगळ्या गावांना मला पोहोचवून आली.

कुलथे साहेबांच्या टेबलावर तिन्ही गावं
एकाखाली एक लिहिलेली.
आवाज चढवला नाही त्यांनी. चहा मागवला,
तो माझ्यासमोर निवत गेला.
"सात महिने एक माणूस तीन ठिकाणी कसा रे?"
मी गप्प.
"गांजा ओढलेली पोरं पाहिलीत आम्ही.
सोडून चार वर्षं झाली असली तर कागद वर पाठवतो,
वरचे विचार करतात.
पण तुझं गुपित ज्याला माहीत
तो उद्या म्हणेल, जरा तो नकाशा दाखव.
तेव्हा काय करशील? आत्ता केलंस तेच?"
बोलताना त्यांचं बोट
बाराव्या रकान्यावर होतं.

आयटीआयला गायधनी सर व्हर्नियर हातात देत
आणि आधी जबडे मिटायला लावत.
शून्यावर शून्य बसत नसेल
तर किती बसत नाही ते खडूने बाकावर लिहा, म्हणत,
मग खुशाल मोजा, तेवढं वजा करा.
एका पोराने एकदा ते लिहिलंच नाही.
सरांनी त्याचे त्या दिवसाचे सगळे जॉब
भंगाराच्या पेटीत टाकले.
बरोबर असतीलही त्यातले काही.
पुन्हा कुणी मोजले नाहीत.

मी कोरा कागद मागितला.
साहेब म्हणाले, आता उपयोग होईलच असं नाही.
तरी लिहिलं. दिंडोरी. पत्र्याची खोली.
सात महिने चार दिवस.
चिलीम, गोळ्या.
पाटलीही लिहिली, कुणी विचारली नव्हती.
खाली तारीख, सही.

सध्या अंबडला एका लेथवर आहे, रोजंदारीने.
दुपारी ओझरकडून चाचणीचं विमान जातं,
शेडचा पत्रा थरथरतो, कुणी वर बघत नाही.
उत्तर आलेलं नाही.

परवा मेथी निवडताना
निर्गुडे काकूंनी आईला विचारलं,
मग नक्की कुठे होता गं तो?
आई बराच वेळ देठं मोडत राहिली.
मग म्हणाली,
दिंडोरीला.